गुडघ्याच्या आतला फोटो

आमची पोस्ट उत्तरेत, बर्फात होती. मी हवालदार, बिरू लवटे माझ्या तुकडीत नायक, माझ्याहून एक हुद्दा खाली. मी कराडकडचा, ऊसवाल्या घरातला. तो आटपाडीकडचा, मेंढरांमागं वाढलेला. "तुमी पाटाच्या पाण्यावरची माणसं, तुमाला चालायचं काय म्हाईत?" असं मला चिडवायचा. चढावर त्याला गाठणारा खरंच कुणी नव्हता.

पलटणीच्या कबड्डीत त्याचा गुडघा फिरला. काही दिवसांनी सूज उतरली. मेडिकल ऑफिसरांसमोर त्यानं उठाबशा काढून दाखवल्या. "फिट हूँ साब." लो मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशन अडकतं, आणि त्याची हवालदारी तोंडावर आली होती. दुखणं अंगावर काढण्यात आमच्या भागातल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. ऑफिसरांनी त्याला ड्युटीवर पाठवलं. मलाही तो बरा झाल्यासारखाच वाटला.

त्या दिवशी सकाळी सहाला आमची गस्त निघाली. परतीच्या उतारावर बिरू माझ्या पुढं होता. त्याचा पाय गुडघ्यातून एकदम मुडपला आणि तो दरीत गेला. खालच्या कपारीत सापडला. मी खाली उतरून वायरलेस सेट घेतला.

"कॅज्युअल्टी वन. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"वेदर खराब है. इंतजार करो. आउट."

बिरू शुद्धीवर होता. "दादा, घसरलो न्हाई. गुडघ्यानं दगा दिला," एवढंच म्हणाला. दुपारी गेला. आभाळ संध्याकाळी उघडलं.

त्याच्या घरी मीच गेलो. कमलवहिनींना खरं सांगितलं. मुलगी शीतल तेव्हा पाळण्यात होती. पुढं गावानं तिला सांगितलं, बाप बर्फावरून घसरला; वहिनींनीही तेच राहू दिलं.

वीस वर्षांनी, यंदा, वहिनींचा फोन आला. शीतल सांगलीत शिकत होती, सैन्यभरतीची तयारी करत होती. लांब उडीत तिच्या गुडघ्याचं लिगामेंट, सांधा बांधून ठेवणारा पट्टा, फाटलं होतं. सूज उतरल्यावर पोरगी क्रेप बँडेज बांधून पुन्हा पळू लागली. भरती जवळ आली होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी. एमआरआयचा रिपोर्ट ऐकायला मायलेकींबरोबर मीही सांगलीच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडं वळवला. हाडांच्या टोकांवरच्या गादीला, कूर्चेला, रंग दिलेले होते.

"साध्या एमआरआयमध्ये ही गादी धडधाकट दिसते. या खास रंगीत फोटोत गादीच्या आतला बदल कळतो. हा भाग बघा. इथं पाणी वाढलंय, वीण सैल पडायला लागलीय."

"पन मला दुखत न्हाई," शीतल म्हणाली.

"आज नाही दुखणार. ऑपरेशन न करता अशीच पळत राहिलीस, तर लवकर संधिवात होण्याचा धोका मोठा आहे. नक्की होईलच असं मी म्हणणार नाही. पण गुडघा आत्ताच सांगतोय. आणि सैल गुडघा कधी मुडपेल, त्याचा नेम नाही."

"ऑपरेशन केलं तर भरती?"

"यंदा नाही."

"मग मी पळनार. माझा बाप फौजी हुता."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, सांगा तिला. मी बोलले तर म्हनंल, आई भित्री हाय."

मी सांगितलं. कबड्डी, उठाबशा, उतार, त्याचे शेवटचे शब्द. गस्तीचा रिपोर्ट द्यावा तसं सरळ सांगितलं.

"पप्पा घसरलं न्हवतं?"

"न्हाई पोरी."

ती स्क्रीनकडं बघत बसली. मग गुडघ्याची पट्टी सोडून तिनं आईच्या हातात दिली आणि ढसाढसा रडली. भरतीचं स्वप्न गेलं होतं. मलाही फार वाईट वाटलं. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी बिरूचा स्मृतिदिन आला. गावच्या स्मारकापाशी पन्नासेक माणसं जमली. सरपंच बोलले, मी सॅल्यूट केला. शीतल कुबड्या घेऊन आली होती. कमलवहिनींनी हार घातला, बिरूच्या नावावरची धूळ पदरानं पुसली आणि हळूच म्हणाल्या,

"आवं, पोरीनं ऐकलं बरं का. एवढ्या एका गोष्टीत तुमच्यावर न्हाई गेली."