उशिरा हसणारी मावशी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत जुने सिनेमे दाखवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फिरत्या रिळाच्या कडेला एक बोट हलकेच टेकवून तो पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे बघत उभा असे.

त्या दुपारी बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातला एक युरोपियन विनोदी सिनेमा होता. सेट तोच, पण सिनेमा दोनदा काढलेला, एकदा जर्मनमध्ये आणि एकदा इंग्रजीत. आधी जर्मन लावला, सबटायटलशिवाय. माझ्या शेजारी नागपूरहून आलेली मावशी होती. तिला इंग्रजी येत नाही. पार्टीत सगळे हसले की आमचे चेहरे बघून ती हसते.

मध्यंतरात मी म्हाताऱ्याला टोचलं, "दोनदा सिनेमा काढायचा एवढा खटाटोप तिकिटं विकायलाच ना?"

"हो, त्यासाठीच," तो शांतपणे म्हणाला. "पण भाषा न कळणारा माणूस दुसऱ्याचं बघून हसतो, उशिरा. सिनेमा काढणाऱ्यांनी ती लाज टाळली."

मग इंग्रजी सिनेमा लागला. तोच दरवाजा, तीच खुर्ची, तिच्यावर तीच टोपी. बाकी सगळे संवाद ऐकण्यात गुंगले होते, मावशी नुसती बघत होती.

"अगं, बसतोय बघ आता टोपीवर," मावशी म्हणाली आणि हसली. क्षणभरानं सगळा हॉल हसला.

म्हाताऱ्याचं बोट रिळावरच होतं. दुसऱ्या हातानं त्यानं मावशीकडे बघत डोक्यावरची कॅप काढली.

भाषेच्या हक्कासाठी मी ढीगभर पत्रकं वाटली आहेत. भाषा न येताही सगळ्यांच्या आधी हसण्याच्या हक्कापुढे कॅप काढणारा माणूस मात्र तो एकच पाहिला.