उघड्या बॉनेटमागे

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, भानामती, करणी असलं काही माझ्यासमोर कोणी काढलं, तर मी त्याची अशी उलटतपासणी घेते की तो चहा न पिताच उठतो. आमच्या घरात सकाळी वंदना होते, तेवढंच. अंगारे-धुपारे माझ्या सासऱ्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नाहीत. त्यामुळे हे वाचून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलेच असते.

आम्ही अमरावतीचे. सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. नोकरीत असताना त्यांनी सरकारी लिलावात एक पांढरी ॲम्बॅसिडर घेतली होती. ती गाडी म्हणजे माझी सवतच! वय झालेलं, अंगात उष्णता भारी. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. इंजिन तापलं की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी जागच्या जागी बंद. मग बॉनेट उघडायचं, इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थंड व्हायची वाट पाहायची. लग्नानंतर मी माहेरी पोहोचले त्यापेक्षा रस्त्याच्या कडेला जास्त उभी राहिले असेन.

बॉनेट वर केलं की स्टीअरिंगवर बसलेल्याला समोरचं काहीच दिसत नाही. इंजिनजवळचा माणूस हाका मारून थकतो. म्हणून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घरात सगळ्यांना ठोके शिकवले होते. मडगार्डवर एक ठोका म्हणजे सेल्फ मार. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे रेस दे. नवी सून म्हणून मला पुरणपोळी येते का हे कोणी विचारलं नाही, पण ठोके पहिल्याच आठवड्यात पाठ करवून घेतले!

गेल्या मे महिन्यात बाबा अकोल्याला नणंदेकडे लग्नाला गेले. जावई त्यांना न्यायला आले आणि आमची छोटी गाडीच घेऊन गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी नणंदेचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखायला लागलं, ॲडमिट केलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणतात.

"मग करा म्हणा ना!" मी म्हटलं.

"वहिनी, ते ऐकून नाही राहिले. प्रमोदचं तोंड पाहिल्याशिवाय आत जात नाही म्हणते. डॉक्टर चिडले. दुपारनंतर काही खरं नाही म्हणतात..."

प्रमोद म्हणजे माझे मिस्टर. फोनवर त्यांनीही बापाला समजावलं, रागावले, शेवटी रडले. म्हातारा काही ऐकेना! दारात उरली होती ती ॲम्बॅसिडर. भाड्याच्या गाडीसाठी तीन-चार जणांना विचारलं, लग्नसराईत कोणाचीच रिकामी नव्हती. एसटीची वाट पाहायची हिंमत होईना. निघालो.

मूर्तिजापूरकडून हायवे आहे, पण ट्रकांच्या मागे रखडलं की गाडी हमखास तापते, म्हणून दर्यापूरवरून गेलो. दर्यापूर सोडलं आणि थोड्याच वेळात... फट् फट्... बंद.

तो सगळा खारपाणपट्टा, जमिनीखाली खारं पाणी. झाड नाही, सावली नाही. काळी जमीन भेगाळलेली आणि वर नुसती झळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या बाटलीतलं पाणी मघाशीच रेडिएटरने पिऊन टाकलं होतं. प्रमोदनी बॉनेट उघडलं, पंपावरचं फडकं काढून पाहिलं. पापडासारखं कडक झालं होतं. ते परत तिथेच टाकून त्यांनी डिकीतून कॅन काढली.

"मागे एक विहीर दिसली होती. पाणी घेऊन येतो. तू स्टीअरिंगवर बस, मी ठोकलं का सेल्फ मार."

मी बसले. सीट तव्यासारखी. नणंदेला फोन लावला. ती रडतच होती. "लवकर या ना वहिनी, त्यांचे हात थंडे पडून राहिले." मी फोन ठेवला, स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि त्या गाडीला तोंडात येईल त्या शिव्या दिल्या. सासऱ्यांनाही दिल्या, खोटं कशाला बोलू. माझे वडील लवकर गेले. वडील म्हणून जे काही मला मिळालं ते या हट्टी म्हाताऱ्याकडूनच. तो तिकडे आमच्यासाठी मरण थोपवून बसलाय आणि आपण इथे डबड्यात अडकलोय... माझा जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात मडगार्डवर ठोका पडला. एक.

"आले का?" म्हणत मी डोळे पुसून सेल्फ मारला. इंजिन कण्हलं, धरलं नाही. ठोके—दोन. थांबले. बॉनेटच्या खालच्या फटीतून पाहिलं तर फडक्याचं टोक हललं. पाणी टपकल्याचा आवाज आला. बरं वाटलं. परत एक ठोका. मी सेल्फ मारला. लगेच तीन—रेस दिली. धूर निघाला, गाडी थरथरली आणि चालू झाली!

"चला, चला, बसा लवकर!" मी ओरडले.

कोणी बोललं नाही. मी आरशात पाहिलं. प्रमोद मागून रस्त्याने धापा टाकत येत होते, खांद्यावर कॅन.

"अवं, चालू कशी केली तू?" ते लांबूनच ओरडले.

दार उघडून उतरले. गाडीसमोर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना सपाट शेत, माणूस लपायला चुलीएवढी जागा नाही. प्रमोदनी पंपाकडे बोट दाखवलं. फडकं ओलं होतं. मी हात लावला... थंडगार. माठाला गुंडाळलेल्या कापडासारखं. आणि पाण्याची कॅन तर अजून त्यांच्या खांद्यावर होती!

"कोणी आलं होतं का?"

"तुम्हीच ठोकलं ना?" मी म्हटलं. "मी तुमच्याच ठोक्यांवर..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मडगार्डवर तीन ठोके पडले. आम्ही दोघं तिथेच उभे होतो, हात लांब केला असता तर लागला असता. दोघांनी ऐकले. प्रमोदनी धाडकन बॉनेट पाडलं, मला आत ढकललं आणि गाडी सोडली ती म्हैसांगचा पूल येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. त्या दिवशी ती गाडी पुन्हा एकदाही बंद पडली नाही.

बाबांनी प्रमोदला पाहिलं, "किती वेळ लावला रे" म्हणाले आणि मुकाट आत गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही नव्हतं.

मला आधी वाटलं, बाबांचाच जीव तिकडे अडकला होता, तेच आले असतील. बघा, विज्ञानाची बाई काय काय विचार करायला लागली! पण त्या वेळी बाबा खाटेवर बसून नर्सशी चक्क भांडत होते, नणंद समोरच होती.

प्रमोदनी बजावलं होतं, बाबांना सांगू नको, हृदयाचा पेशंट आहे. मी गप्प राहिले. पण पोळ्याच्या दिवशी बाबा छान खुशीत होते, अंगणात गाडी पुसत होते. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं आणि वर हसत म्हटलं, "बाबा, तुमचे ठोके मात्र कामाला आले."

त्यांचा हात थांबला.

"वैशाली, ते ठोके मी नाही काढले बेटा."

"मग?"

"गाडी घेतली तवा मी एकटाच फिरत होतो. पहिल्या उन्हाळ्यात अशीच बंद पडली. फडकं ओलं करून टाकलं आन वाट पाहत स्टीअरिंगवर बसलो. तं समोरून ठोका आला. उतरून पाहिलं, कोणीच नाही. परत बसलो, परत ठोका. एकाचं काय, दोनाचं काय, तीनाचं काय, ते मले हळूहळू समजलं."

मी गाडीपासून दोन पावलं मागे सरकले. "आणि आम्हाला कशाला शिकवलं?"

"समोर आपलं माणूस उभं असलं का तो येत नाही. म्हणून म्या घरात रीत पाडली, एक जण आत, एक जण समोर. मले वाटे, माझ्या लेकरायच्या वाट्याले नको." ते गाडीकडे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "गाडी चालू झाल्यावर ठोकलं म्हणतं त्यानं? तीनदा?"

"हो. दोघांनी ऐकलं."

"चालू झाल्यावर त्यानं मले कधीच नाही ठोकलं." बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. "म्हणजे लवकर निघा म्हणत होता. त्याले ठाऊक होतं... तिकडं माझं काय होऊन राहिलं ते."

तो कोण, हे मी विचारलं. बाबा म्हणाले, इतकी वर्षं मीही तेच विचारतो. लिलावाआधी ती गाडी कोण चालवायचं, हे त्यांनी एकदाही शोधलं नाही. भीती वाटली म्हणाले.

कोणी वाऱ्याचं, तापलेल्या पत्र्याचं कारण सांगेल. मीही वर्गात तेच सांगितलं असतं. पण ओल्या फडक्याचा तो गारवा अजून माझ्या बोटांना आठवतो. मी त्या गाडीत आता बसत नाही, आणि ती विकूही देत नाही. माझे सासरे आज जिवंत आहेत, समोर बसून भाकरीला नावं ठेवताहेत. ते कोणामुळे, हे मला माहीत नाही, आणि ज्याचे आभार मानायचे त्याच्या समोर उभं राहायची माझी हिंमत नाही.