वाघाटीचं पिल्लू

परवा मुठीएवढ्या एका पिल्लाने माझ्याकडे अशा संशयाने पाहिलं, की आपण काहीतरी चोरलंय असंच मला वाटलं.

माझी पुतणी मीरा वाघाटींच्या प्रजनन केंद्रात डॉक्टर आहे. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरीहूनही लहान रानमांजर. मीराने आम्हा नवराबायकोला पिंजऱ्याबाहेर पडद्याआड, फटीतून दिसेल असं बसवलं होतं. तिथेच जन्मलेलं पिल्लू बाहेर आलं आणि मी सवयीने ‘पुच्‌ पुच्‌’ केलं.

“काका, गप्प!” मीरा कुजबुजली. “माणसाला सोकावलं तर रानात सोडता येणार नाही. जन्मभर इथेच राहील.”

“यांच्याकडे घरची मनीसुद्धा येत नाही गं,” बायको म्हणाली.

पिल्लू पडद्याकडे रोखून पाहत राहिलं. आपण मुलांना कुशीत घेऊन वाढवतो. इथे माया करणाऱ्यांनीच लपून बसायचं. तरीही पिंजऱ्यात आयतं खाऊन वाढलेलं हे पोर रानाचं राहील, यावर माझा विश्वास बसेना. ते एक पाऊल पुढे आलं. मीराचा चेहरा उतरला.

मग ते माझ्या दिशेने फिसकारलं आणि ओंडक्यामागे पळालं.

माझ्यावर घरात रोजच कोणीतरी फिसकारतं; पण त्याबद्दल आभार मानावेसे वाटले ते त्या दिवशीच.