उजवी पाकळी

सगुणा आमच्या गावदेवीला कौल लावायला यायला लागली, ते त्रेपन्न साल. तेव्हा डोंबिवलीत घरं कमी आणि शेतं जास्त. आमचे हे देवीचे गुरव, पण त्यांनी अंथरूण धरल्यापासून पूजा माझ्याच गळ्यात पडलेली. माझे गुडघे कुरकुरायचे, पण देवीला काय त्याचं!

सगुणा कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवायची. नवरा विषमज्वराने जाऊन आठ वर्षं झालेली. घरात ती आणि सासू, बस्स. खडवलीच्या शाळेतले प्रभाकर मास्तर, तेही बिजवर, त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. सासूबाईंनाही सांभाळू म्हणाले. सासू म्हणाली, "देवीने उजवा कौल दिला तर माझी ना नाही." झालं! पोरीचा संसार दोन पाकळ्यांवर येऊन टांगला.

मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगुणा दर मंगळवारी यायची, हात जोडून मनातल्या मनात विचारायची. ओठसुद्धा हलायचे नाहीत. पाकळ्या ढिम्म! असे सात मंगळवार गेले. उपासाने पोरीचं तोंड सुकलं, उठताना खांबाला धरून उठायची. मला बघवेना. वैतागून मी देवीलाच म्हटलं, "बये, तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?"

आठव्या मंगळवारी मी उजव्या पाकळीला पाणी लावलंच नाही. नुसती टेकवली. जरा वेळाने पडली टपकन. "सुटलीस गं बाई!" मी म्हटलं. सगुणाने पाकळी उचलून पदराला बांधली आणि निघून गेली. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, दमलीय.

पुढच्या सोमवारी विहिरीवर कळलं, तिने मास्तरांना नकाराचं पत्र धाडलं. घागर तिथेच टाकून मी तिचं घर गाठलं.

"अगं, उजवा कौल मिळाला ना? मग नकार कसला?"

"काकू, मी विचारलं होतं, त्यांना नाही म्हणू का? सरळ मागायची लाज वाटली हो. मला ते इतके हवे होते ना!"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या घालेल. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे देवी काही बोललीच नव्हती?"

"नाही गं. मीच बोलले, मेली."

"उद्या पुन्हा लावा."

मंगळवारी मी दोन्ही पाकळ्या सारख्याच भिजवल्या. आम्ही दोघी बसून राहिलो. दुपार कलली, तरी एक पाकळी हलेना. शेवटी सगुणा उठली, देवीच्या पाया पडली. "आई, मी फार दमले गं," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने उजवी पाकळी काढून घेतली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. माझा हात तोंडावर गेला.

"अगं, पण या खेपेला विचारलंस काय?"

"सरळच विचारलं, काकू," ती पदर सावरत म्हणाली. "खडवलीची गाडी कितीला आहे?"