भावोजींचे जांभळे आकाश

भावोजी एका वेळी एकच गोष्ट बदलत. चहा बिघडला तर आज पावडर बदलायची, दूध तेच ठेवायचे. तरीही बिघडला तर उद्या दूध. माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, या पद्धतीपायी आठवडा आठवडा वाईट चहा प्यायला आहे. "दोन गोष्टी एकदम बदलल्या की चोर सापडत नाही," असे ते सांगत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरीभर त्यांनी दाबाची आणि तापमानाची मीटर दुरुस्त केली होती.

निवृत्तीनंतरचे त्यांचे मोठे काम एका जीपचे होते. ही जीप संगणकावरच्या जुन्या खेळातली. त्यांची एकुलती मुलगी केतकी शाळेत असताना दोघे तो खेळ एकाच कीबोर्डवर खेळत. आता केतकी परदेशात होती आणि तिचे फोन 'जेवलात का, औषध घेतलंत का' इथवर आले होते. त्या दिवाळीला ती बऱ्याच वर्षांनी येणार होती. "तिच्याशी काय बोलायचं ते सुचत नाही रे हल्ली," भावोजी मला म्हणाले. "जीप चालू झाली तर बसेल तरी बाजूला."

सीडी शाबूत होती, पण नवा संगणक तिला ओळखेना. मग भावोजींनी त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन तयार केले, म्हणजे नव्या यंत्राने जुन्याचे सोंग घ्यायचे. खेळ सुरू झाला आणि पडदा काळा. रंग सोळा बिटांवर आणल्यावर चित्र आले, पण अर्धेच. दर रविवारी मला वर्तकनगरच्या घरी त्यांचा फोन येई.

"जीप दिसतेय. रस्ता नाही."

पुढच्या रविवारी, "रस्ता आला. जीप गेली."

मागून ताईचा आवाज, "अहो, एवढ्यात खालचा खरा रस्ता झाला असता!"

थ्रीडीची सोय बंद केली आणि पडद्यावर चित्र आणणारा जुना प्रोग्राम, डिस्प्ले ड्रायव्हर, टाकला, तेव्हा जीप आणि रस्ता एकत्र दिसले. मधले सगळे प्रयोग एकेक करून झाले होते. दिवाळी तोंडावर आली होती.

केतकी आली त्या दुपारी मी तिथे होतो. भावोजींनी शेजारी खुर्ची मांडून ठेवली होती. तिने पडद्याकडे पाहिले.

"बाबा, हे आपलं नाही."

"तीच सीडी आहे, केतू."

"पण आकाश निळं कुठे होतं? जांभळं होतं ना!"

जुन्या मॉनिटरच्या वायरीतली हिरवा रंग वाहून नेणारी पिन तुटलेली होती. घरात तो खेळ कायम जांभळाच दिसला होता. भावोजी ते साफ विसरले होते.

"तो बिघाड होता. हे बरोबर आहे."

"असेल," ती म्हणाली आणि ताईला चकल्यांना मदत करायला आत गेली.

भावोजींनी मॉनिटरचे बटण दाबून हिरवा रंग शून्यावर आणला. आकाश जांभळे झाले, गवत काळे. "चालू वस्तू बिघडवायची ही पहिलीच वेळ," ते मला म्हणाले आणि त्यांनी हाक मारली, "केतू, ये बघू."

पिठाच्या हातांनी ती दारात आली. "अय्या, बाबा!"

ती जीप चालवू लागली. वळणावर हॉर्न दिला नाही, तर समोरून ट्रक येऊन आदळे. हॉर्न भावोजींकडे. खेळता खेळता केतकी तिथल्या नोकरीचे सांगू लागली, मग एकटेपणाचे. भावोजी पडद्यावरची नजर न काढता 'हं' म्हणत राहिले. चकल्या ताईने एकटीने तळून संपवल्या.

केतकी परत गेली, पण भावोजींनी रंग पूर्ववत केला नाही. "संगणकावर बातम्या देणारी बाई जांभळी दिसतेय," ताई कुरकुरायची. "दिसू दे," ते म्हणत.

गेल्या वर्षी भावोजी गेले. केतकी पोहोचली तेव्हा सगळे उरकले होते. दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी तिने संगणक लावला. मी रंग नीट करायला बटणाकडे हात नेला.

"मामा, राहू दे," ती म्हणाली. "बस इथे. हॉर्न तू दे."

मी भावोजींच्या खुर्चीत बसलो. पहिले वळण दिसले तसा मी हॉर्न दिला. ट्रक आदळला.

"बाबा वळण दिसायच्या आधीच द्यायचे," केतकी म्हणाली आणि तिने जीप पुन्हा सुरुवातीला नेली.