तिनं दिलेला होकार

आईनं जेवण सोडलं हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती आम्हाला वाढायची आणि आमचं झालं की भांडी घासायला घ्यायची. मग वाढणंही थांबलं. माजरीच्या खाणीजवळच्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडकीवर रोज कोळशाची काळी भुकटी बसते. आई ती सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्यानं पुसायची. भुकटी तशीच राहू लागली तेव्हा बाबा म्हणाले, "हिले काहीतरी झालं."

काय झालं ते मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

मी कुणाला फारसं काही सांगत नाही. शाळा इंग्रजीतून झाली. घरात बोलायचे ती भाषा माझ्या तोंडात नीट बसली नाही, आणि माझी पुस्तकी मराठी ऐकून सगळे हसायचे, म्हणून मी उत्तरं आखूड करत गेले. पण आईचं दुखणं सुरू होण्याच्या थोडं आधी मी तिला एक गोष्ट सांगितली होती. मामा धानोऱ्याकडून तिच्या माहेरच्या तळ्यातले मासे घेऊन आला होता. आई मासे धरणाऱ्यांच्या घरातली. ती मागच्या अंगणात बसून राखेनं खवले काढत होती. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं, की कॉलेजात एक मुलगा आहे, चंद्रपुरात त्याच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि ते मुसलमान आहेत.

तिचा हात चालूच राहिला. हातातला मासा साफ करून झाल्यावर ती म्हणाली, "मासोळी खाते का?"

"कोण?"

"तोच. काटे काढून खाता येते का त्याले, का घास अडकला की बोंबलते?"

"येतं," मी म्हणाले. मला खरं तर माहीत नव्हतं.

"मंग पाहू. तुहे बाबा आरडाओरडा करतीन. त्यायचं मी पाहीन."

एवढंच. त्यानंतर काही आठवड्यांत ती भिंतीकडे तोंड करून निजू लागली. माझ्या सांगण्यामुळेच, असं मी धरून चालले होते. पुढे बाबांकडून कळलं, की माझ्या जन्मानंतरही तिचं असंच झालं होतं. तेव्हा ती आपोआप उठली होती. या वेळी चंद्रपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, आणि चमच्यानं पाजलेलं पाणी तिच्या ओठांच्या कडेनं परत यायला लागलं. तिला भरती केलं. डॉक्टर बाईंनी सांगितलं, आता शॉकची ट्रीटमेंट द्यावी लागेल.

बाबा खाणीत इलेक्ट्रिकच्या कामावर आहेत. त्यांच्यासोबतचा एक माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर करंट लागून गेला. तेव्हापासून घरात ओल्या हातानं कुणी बटण दाबलं तर ते पलीकडच्या खोलीतून ओरडतात.

"किती व्होल्ट देता म्याडम?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला. भूल देतात, अंग सैल राहावं म्हणून वेगळं इंजेक्शन असतं, करंट काही सेकंदच असतो, तिला कळणार नाही.

"झोपलेल्या माणसालेही करंट लागते, म्याडम."

डॉक्टर हसल्या नाहीत. "लागतो. म्हणून मोजून देतो, आणि भुलीचे डॉक्टर शेजारी उभे असतात. पण त्या अन्न घेत नाहीयेत. जास्त वाट बघता येणार नाही."

मामा व्हरांड्यात चिडला होता. "भाऊजी, जनावरालेही कोणी असे झटके नाई देत. एवढं चांगलं असन तर पहिले तुम्हीच घेऊन पाहा. तुमाले तर सवय हाय करंटची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ही कॉन्व्हेंटवाली हाय ना, हिले विचारा. काय लिहून हाय व तुह्या मोबाइलात?"

मोबाइलात सगळंच होतं. यामुळे मी जिवंत आहे, असं लिहिणारे होते. माझ्या मुलाचं लहानपण माझ्या डोक्यातून गेलं आणि असं होईल हे मला कुणी सांगितलं नाही, असं लिहिणारेही होते. पूर्वी भूल न देता, माणसांना दाबून धरून शॉक देत. त्यामुळे मामाच्या डोळ्यांसमोर जे होतं तेही अगदी खोटं नव्हतं. दोन्ही बाजूंचं इंग्रजी मला नीट कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, ती काय विसरेल?

"बहुतेक वेळा आजारपणाच्या आसपासचं. काही आठवडे, कधी काही महिने. त्यातलं काही परत येतं, काही येत नाही. कोणतं, ते आधी नाही सांगता येत."

मला लगेच ते अंगण आठवलं, राखेनं भरलेली तिची बोटं आठवली. त्या बोलण्याला दुसरं कुणी साक्षीला नव्हतं. आई तिकडे खोलीत उपाशी पडली होती आणि मी याचा विचार करत होते.

आईलाही विचारलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बाबांनी तर किती वेळा. ती बोलली नाही. शेवटी बाबा माझ्याकडे आले. "तू सांग बाई. मले काहीच समजून नाई राह्यलं."

"हो म्हणा, बाबा," मी म्हणाले.

दर वेळी शॉकसाठी तिला आत नेलं की बाबा तिथे थांबत नसत. खाली चहाच्या टपरीजवळ हात काखेत दाबून उभे राहत. ती बाहेर यायची तेव्हा झोपेत असायची, कपाळाजवळचे केस चिकट, तोंडाला लाळ. मी पुसायचे. जाग आल्यावर ती डोकं धरून इकडेतिकडे बघायची. आपण कुठे आहोत ते तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

मग एका सकाळी ती म्हणाली, "चहा अगोड हाय."

बाबा साखर आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मामानं सगळ्या वॉर्डात सांगितलं, "साखर मांगतली तिनं!" जणू ही ट्रीटमेंट त्यानंच सुचवली होती.

घरी आल्यावर तिला मिठाचा डबा सापडेना. शेजारच्या मुलीच्या लग्नाचे फोटो बघून तिनं विचारलं, "मी गेलती का?" फोटोत ती पुढच्याच रांगेत होती. बायका हसल्या. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा तिचा चेहरा झाला. पुढे पुढे तीच आधी हसू लागली, "शॉकवालीले काय विचारता व बाई!" म्हणू लागली. ते हसणं मला बघवत नसे. तिच्यापुढे 'आठवतं का' हे शब्द मी वापरायचे बंद केले.

थंडीत मामानं पुन्हा मासे आणले. आई अंगणात बसली. खिडकीवरची भुकटी पुसलेली होती, तिचे गाल भरले होते. मी शेजारी बसले आणि तीच गोष्ट, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा सांगितली.

या वेळी तिचा हात थांबला.

"नाई बाई. हे नाई होणार." मग म्हणाली, "तुह्या बाबाले नाई सहन होणार. मलेही नाई."

तेव्हा हो म्हणाली ती आई दुखण्याच्या वाटेवर असलेली होती की खरी होती, आणि आत्ताची घाबरलेली होती की बरी झालेली, मला कळत नव्हतं. आजही कळत नाही. कुणी विचारलं की शॉक चांगला की वाईट, तर मी बाबांच्या खाणीबद्दल काहीतरी बोलून विषय बदलते.

"कधीपासून हाय हे?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "माह्यापासून काऊन लपवलं व? मी काय परकी हाव का?"

तू हो म्हणाली होतीस, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते बोलले असते तर तिचा तो फोटो बघतानाचा चेहरा पुन्हा समोर आला असता. आणि कदाचित ती हसली असती, शॉकवाली म्हणून.

"सांगायचं राहून गेलं," मी म्हणाले.

तिनं पदरानं डोळे पुसले. राख गालाला लागली. मग तिनं पुढचा मासा घेतला.

जेवताना तिनं माझ्या ताटातल्या तुकड्याचे काटे काढून दिले, लहानपणी द्यायची तसे. बाबा तिच्या ताटाकडे बघत होते. अजूनही प्रत्येक जेवणाला बघतात. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःचा घास घेतला.