हिरामणची दोन तासांची अट

दहिवलीच्या हिरामणनं लेकींच्या बाबतीत एकच अट धरून ठेवली होती: दोन तासांच्या पुढे मुलगी द्यायची नाही. पगार, शेती, घर, सगळ्यात तो दोन पावलं मागं यायचा, अंतरात नाही. थोरली माधवी खोपोलीत दिली होती. ती दर शनिवारी नवऱ्याशी भांडून माहेरी यायची आणि रविवारी जेवून परत जायची, त्यामुळे अट बरोबर आहे असंच त्याला वाटे.

अटीमागे त्याची बहीण चिंधी होती. मध्यस्थानं "अगदी हाकेच्या अंतरावर" म्हणून तिला जालन्याच्या पलीकडे दिली. ती आजारी असल्याचा निरोप आला तसा हिरामण अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. पोचला तेव्हा लोक नदीवरून परतत होते.

धाकटी रिया एके दिवशी म्हणाली, "बाबा, साईराज आपल्या शेजारच्या चौक गावचाच आहे. फक्त नोकरी हैदराबादला."

"किती लांब?"

"विमानानं दीड तास."

हिरामण विचारात पडला. वाहन कुठलं ते अटीत ठरलेलं नव्हतं. "मी सोता जाऊन बघतो," तो म्हणाला.

दिवस उगवायच्या आत तो निघाला. मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंत ऊन चढलं. तपासणीत त्याच्या चंचीतला अडकित्ता काढून घेतला. "आन सुपारी?" त्यानं विचारलं. सुपारी चालत होती. विमान उशिरा सुटलं. हवेत मात्र ते दीडच तास होतं. हिरामणची नजर सारा वेळ घड्याळावर होती, त्यामुळे वरून काय दिसलं ते त्याला पुढे कोणालाच सांगता आलं नाही.

बाहेर साईराज उभा होता. मग बस, मग रिक्षा, मग तीन जिने. खोलीवर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. साईराजनं स्वतः भात टाकला. तो खाली लागला.

"मी पहाटंचा निघालोय," हिरामण म्हणाला.

"विमान दीड तासाचंच, काका. दिवस जातो तो आधी नि नंतर."

"उद्या पोरीचं काय दुखलंखुपलं, तुजा फोन आला. मी येळंवर पोचंन का रं?"

साईराजनं आमटी वाढली.

"नाय पोचणार, काका. खोटं कशाला सांगू? तुमी येईस्तोवर मी तिच्यापाशी असेन, एवढंच."

हिरामणनं करपलेला भात पुन्हा मागून घेतला. चिंधीच्या वेळी एवढंसुद्धा कोणी बोललं नव्हतं.

घरी आल्यावर रियानं विचारलं, "काय झालं?"

"दीड तास म्हनालीस. सबंध दिवस जातो."

रियाचा चेहरा उतरला.

"त्यो पोरगा पन तेच बोलला. तुज्यापेक्षा खरा हाय. तारीख काढू."

माघात लग्न झालं. पाठवणीला माधवी दोघींच्या वाटचं रडली. हिरामण रडला नाही. नवरीची गाडी वळणाआड गेली तसा तो मांडववाल्याबरोबर खुर्च्या रचायला लागला. सगळ्या रचून झाल्यावर त्यानं त्या एकेक करून खाली काढल्या आणि पुन्हा रचल्या. टेंपो उभाच होता.